बॉडी सत्यवानाची, इंजिन बाबलीचं

देवबागात ‘ही गाडी कोणाची?’ असं कोणी विचारत नसे. विचारायचंच झालं तर ‘किती गाडी कोणाची?’ असं विचारावं लागे, आणि त्याचं उत्तर गावातल्या शेंबड्या पोराला येई. बॉडी सत्यवानाची, इंजिन बाबलीचं. टायर सामाईक.

जिथे एका फणसाला चार वाटेकरी असतात आणि चौघे चार दिशांना तोंडं करून त्याच फणसाखाली बसतात, तिथे एका गाडीला दोन भाऊ मालक असणं हे काही आक्रीत नव्हतं. फरक एवढाच की फणस जागचा हलत नाही. ही गाडी मात्र रोज सकाळी देवबागाहून निघायची ती कुडाळ स्टेशनावर जाऊन पर्यटक घेऊन यायची, आणि तीही दोन्ही वाटेकऱ्यांना पोटात घेऊन.

रेल्वे आली त्या वर्षी थोरल्या सत्यवानाने ओरोसच्या सरकारी लिलावात एक पांढरी अँबॅसिडर घेतली. साहेबलोक बसून बसून तिची मागची सीट तळ्यासारखी खोल झाली होती. पेट्रोल ती अशी प्यायची, की जणू उद्यापासून बंदी येणार आहे. वर्षभरात तिच्या इंजिनाने मान टाकली. त्याच सुमारास धाकट्या बाबलीची होडी खडकावर आपटून फुटली. होडी गेली, डिझेलचं इंजिन तेवढं राहिलं. ते इंजिनही मुळात होडीचं नव्हे, त्याआधी ते कुठल्याशा टेम्पोत नांदून आलेलं. म्हणजे एका भावाकडे इंजिनाविना गाडी आणि दुसऱ्याकडे होडीविना इंजिन. कणकवलीचा लवू मेस्त्री म्हणाला, दोघांचां लगीन लावून टाकूया. आणि त्याने ते लावलं. पाहुणं इंजिन जरा उंच निघालं, त्यामुळे बॉनेट पुरतं बंद होईना. मग बाबलीने त्याला नायलॉनचा दोर आवळला आणि होडी बांधतात तशी गाठ मारली. ती गाठ त्याला एका झटक्यात सुटे. सत्यवानाला ती कधी सुटली नाही. तो शिकलाही नाही. शिकायची गरज काय, बाबली शेजारीच तर बसलेला असे.

एकदा पुण्याच्या एका पर्यटकाने बॉनेटखाली डोकावून पाहिलं आणि ‘अहो, ही तर हायब्रिड!’ म्हणून पोट धरून हसला. गावात कोणी हसलं नाही. हायब्रिड म्हणजे काय ते गावाला माहीत होतं. हायब्रिड माड. लवकर धरतो, भरभरून देतो आणि एके दिवशी कोणाला न सांगता मरतो. पण नाव चिकटलं. पुढे काही वर्षांनी, परदेशात पेट्रोलवर आणि विजेवर अशा दुहेरी चालणाऱ्या गाड्या निघाल्यात आणि त्यांना हायब्रिड म्हणतात, असं पेपरात आलं, तेव्हा सत्यवानाला वाटलं, कोणीतरी सुट्टीला येऊन आपली बघून गेला असणार.

कारभार सरळ होता. गाडी सत्यवान चालवणार. चढाला इंजिन तापलं की शेजारी बसलेला बाबली पायातला पाण्याचा कॅन घेऊन उतरणार, गाठ सोडणार, पाणी घालणार, गाठ मारणार. चाक बसलं तर सत्यवान उतरणार आणि बाबली बसल्या जागेवरून सूचना करणार. मिळकत अर्धी अर्धी. मीटर दोनदा शून्यावर येऊन तिसऱ्या फेरीत दमून थांबला, तरी गाडी चालतच होती.

बिनसलं ते सत्यवानाच्या मुलीच्या, समीक्षाच्या लग्नात. वरात निघायच्या ऐन वेळी इंजिन तापलं. बाबलीने नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, डोक्याला पंचा गुंडाळला आणि बॉनेटमध्ये शिरला. बाहेर आला तेव्हा शर्ट नवा नव्हता, आणि चुलता कुठे संपतो नि ग्रीस कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. नवऱ्यामुलाचे मामा शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, “हे कोण?”

सत्यवानही शुद्ध मराठीत म्हणाला, “ते गाडीबरोबर असतात.”

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. बाबली गाडीबरोबरच असे. मामांनी खिशातून एक नोट काढून बाबलीच्या हातावर ठेवली आणि चहा घ्यायला सांगितलं. बाबलीने नोट घेतली, कपाळाला लावली, पुतणीला सासरी पोचवेपर्यंत तीनदा पाणी घातलं, आणि त्या दिवसापासून सत्यवानाशी बोलणं टाकलं.

गाडीत बसणं मात्र टाकलं नाही. इंजिन त्याचं होतं, आणि आपलं इंजिन दुसऱ्याच्या भरवशावर सोडायला तो काही वेडा नव्हता. दोघे रोज खांद्याला खांदा लावून बसत आणि जे बोलायचं ते पर्यटकांमार्फत बोलत. “पावण्यांनू,” बाबली मागे वळून म्हणे, “चालवणाऱ्याक सांगा, इंजिन तापलां.” मागचा पाहुणा बिचारा पुढे वाकून सांगे, की अहो, इंजिन तापलंय म्हणे. मग सत्यवान म्हणे, “पाणीवाल्याक सांगा, माका पण नाक आसा.” कोल्हापूरच्या एका बाई तर कुडाळपासून देवबागपर्यंत दोन्हीकडचे निरोप इतक्या मन लावून पोचवत होत्या, की समुद्र बघायचा राहिला. जाताना त्या म्हणाल्या, की तुमच्याकडची माणसं फार बोलकी.

परतीला गाडी रिकामी असली की अडचण व्हायची. डिझेल कुठे भरायचं, उद्या किती वाजता निघायचं, हे विचारायचं कसं? त्यावर तोड निघाली ती यमुनाबाईची. यमुनाबाई मासे विकायला मालवणच्या बाजारात जायची. दोघे तिला टोपलीसकट फुकट नेत आणि आणत. मागच्या सीटच्या त्या सरकारी तळ्यात टोपली बसवून ती निरोप इकडचे तिकडे करी. शिव्या मात्र पोचवत नसे. ती तिची अट होती. शिवी असली की ती खिडकीबाहेर बघे आणि ज्याची त्याला कळे.

अशी वर्षं गेली. खाऱ्या हवेने बॉडी खाल्ली आणि चढांनी इंजिन खाल्लं. शेवटी एका पर्यटक बाईंची उंच टाचेची चप्पल ओझरच्या उतारावर गाडीच्या तळातून खाली पडली. बाई गाडीतच होत्या. तारकर्लीच्या वाटेवर नवं हॉटेल झालं होतं आणि त्यांच्या पाहुण्यांची ने-आण करायचं काम सत्यवानाकडे होतं. हॉटेलच्या मॅनेजरने चप्पल प्रकरण शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की दिवाळीपर्यंत माणसं बसतील अशी गाडी आणा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. राग नव्हता त्याला. तेच जास्त लागलं.

लवू मेस्त्रीने गाडीखाली जाऊन बराच वेळ काढला. बाहेर येऊन त्याने निदान केलं, की बॉडी करा, नायतर इंजिन करा, नायतर दोन्ही करा, नायतर काय करू नका. नुसती बॉडी केली तर इंजिन चढाला बसणार. नुसतं इंजिन केलं तर ते नव्या जोमाने कुजक्या बॉडीतून एकटंच पुढे निघून जाणार. दुरुस्ती करायची तर दोघांनी मिळून करायला हवी. विकायची तरी दोघांनी मिळून.

सीतेचं म्हणणं सरळ होतं. सीता म्हणजे सत्यवानाची बायको. ती म्हणाली, जुनी सुमो मिळते एक, बँक पैसे देते, हॉटेलचं काम टिकतं, मोकळे व्हा. सत्यवान म्हणाला, बघूया. आठवड्याने ती पुन्हा म्हणाली. सत्यवान पुन्हा म्हणाला, बघूया. तेव्हा तिने भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारलं,

“तुमका गाडी सोडवत नाय, काय भाव सोडवत नाय?”

सत्यवानाने भाकरी जळते आहे असं सांगितलं. भाकरी जळत नव्हती. पण सीतेने नेमकं बोट ठेवलं होतं. नवी गाडी आली, की तिला तिचं स्वतःचं इंजिन असणार, आणि ते तापणार नाही. मग बाबली कशाला येऊन बसेल शेजारी? न बोलता का होईना, तो रोज येत होता. गाडी मोडकी होती म्हणून येत होता.

शेवटी त्याने यमुनाबाईकरवी विचारलंच, की दुरुस्त करूया, का नवी घेऊया? बाबलीने तिच्याकरवी कळवलं, की माझं इंजिन ठणठणीत आहे, बॉडी कुजली ती ज्याची त्याने बघावी. सत्यवानाने कळवलं, की इंजिन थरथरतं म्हणून बॉडी सुटली. बाबलीने कळवलं, की आंगण वाकडं म्हणणारे लोक गावात थोडे नाहीत. देवबाग ते मालवण हे चाललं होतं. बाजार आला तरी निरोप संपेनात, तेव्हा यमुनाबाईने टोपली उचलली आणि जाहीर केलं, की माझी मासळी कुजता हय, तुमी आता देवाक विचारा. कौल लावा.

कौल लावायला दोघांचीही हरकत नव्हती. देवामार्फत बोलणं हेही तिसऱ्यामार्फतच बोलणं.

देवळात भाई गुरव तयार होता. बाहेर रस्त्यावर गाडीत पुण्याचं एक जोडपं बसलं होतं. त्यांना कुडाळची गाडी गाठायची होती, आणि पाचच मिनिटांत येतो असं त्यांना सांगण्यात आलं होतं. गुरवाने दोन ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर दुरुस्ती, डावी पडली तर नवी. मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरव एक एक मागणं मांडतो आणि जमलेल्या सगळ्यांनी त्याला मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. म्हटलं, की मागणं तुमचं झालं.

“बा देवा म्हाराजा, ही दोन लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत.”

“व्हय म्हाराजा,” यमुनाबाई म्हणाली, पारावरून उठून आलेले दोघे-तिघे रिकामटेकडे म्हणाले, सत्यवान आणि बाबलीही म्हणाले.

“तेंची गाडी थकली. तिचा काय करूचा तां तूच सांग रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

गुरव जरा थांबला. पुढचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. पण गुरव झाला तरी तो गावातच राहत होता. तो म्हणाला,

“आणि ह्या दोगां भावांच्या मनात जो काय आडपडदो पडलो आसात, तो आज दूर कर रे म्हाराजा.”

यमुनाबाईने व्हय म्हटलं. रिकामटेकड्यांनी इतक्या जोराने म्हटलं, की घुमटातली वटवाघळं हलली. सत्यवानाचं तोंड उघडलं होतं. ‘व्ह’ जिभेवर आला होता. तेवढ्यात त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून बाबलीकडे पाहिलं. बाबली फरशीकडे बघत होता आणि त्याचेही ओठ जरासे सुटलेले होते. आधी कोण म्हणतो, एवढंच राहिलं होतं. धाकट्याने आधी म्हणावं, असं सत्यवानाला वाटलं. ज्याने नोट दिलेली बघितली त्याने आधी म्हणावं, असं बाबलीला वाटलं असणार. गुरवाने ते मागणं पुन्हा एकदा मांडलं. पुन्हा तीच माणसं व्हय म्हणाली. दोन तोंडं उघडी होती ती मिटली.

“बरां,” गुरव म्हणाला, आणि सगळे पाकळ्यांकडे बघत बसले.

पाकळ्या पडेनात. एकही हलेना. एक रिकामटेकडा म्हणाला, देवपण बोलणा नाय. दुसरा म्हणाला, घरचोच वारो लागलो. उकाडा वाढत गेला. बाहेर पुण्याच्या जोडप्याची पाच मिनिटं संपून कितीतरी वेळ झाला होता. अखेर त्यांतल्या गृहस्थांनी पुढे वाकून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. देऊळ दणाणलं. दोन्ही पाकळ्या एकदमच सुटल्या आणि एकदमच खाली आल्या.

गुरवाने असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण गुरवाने बघतच राहून चालत नाही. त्याने दोन्ही पाकळ्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि सांगितलं, की देवाने दोन्ही दिलं. इंजिन दुरुस्त, बॉडी नवी.

“वाटणी केल्यान रे देवान,” यमुनाबाई हळूच म्हणाली.

सत्यवानाला दिसत होतं, की ही वाटणी देवाने नव्हे, हॉर्नने केली. हॉर्न बॉडीचा होता. बॅटरी इंजिनाची होती. म्हणजे निदान हे तरी दोघांनी मिळूनच केलं होतं. गुरवाने दोघांकडे आळीपाळीने बघत विचारलं, कौल परत लावूया काय? परत लावायची रीत होती. कोणी एकाने हो म्हणायचं होतं. एवढ्यात पुण्याचे गृहस्थ देवळाच्या पायरीपर्यंत आले आणि चपला काढू की नको अशा घोटाळ्यात उभे राहून म्हणाले, की गाडी चुकली तर तिकीट तुम्ही देणार का? ते ऐकून दोघे भाऊ एकदमच उठले आणि धावत सुटले. धंदा म्हणजे धंदा. कसालच्या अलीकडे इंजिन तापलं. बाबलीने पाणी घातलं. स्टेशन वेळेत गाठलं. कौलाचं कोणी काढलं नाही.

आठ दिवसांनी लवू मेस्त्रीकडे दोघांची काडीमोड झाली. तो शब्द लवूचाच, आणि तो बोलून त्याने आजूबाजूला पाहिलं तर कोणी हसलेलं नव्हतं. बाबलीने गाठ सोडली, दोर हातावर गुंडाळला आणि इंजिन उतरवेपर्यंत शेजारच्या टपरीवर पाठ करून बसला. बॉडी घ्यायला भंगारवाला तयार होईना. इंजिन नसलेल्या गाडीचा मी काय करू, असं तो म्हणाला. ते बरोबरच होतं. सत्यवानाने तिला टेम्पोवर घालून घरी आणली आणि माडाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशीच सीतेच्या कोंबड्यांनी मागच्या सीटचा ताबा घेतला. त्यांना ती खोली पसंत पडली.

सुमो आली. तिचं बॉनेट आपोआप बंद होई. हॉटेलचा मॅनेजर खूश झाला. पाहुण्यांना काही सांगायचं असलं की ते थेट सत्यवानालाच सांगत आणि सत्यवान थेट उत्तर देई. पहिले काही दिवस त्याला ते उद्धटपणाचं वाटलं. कसालचा चढ सुमो न थांबता चढे. सत्यवान तरीही तिथे वेग कमी करी. मग आठवण झाल्यासारखा पुन्हा वाढवी.

पाऊस सरत आला होता तेव्हा लवूचा फोन आला, की एक भाडं आहे, कणकवलीहून देवबाग, सामान जड आहे. सत्यवान गेला. गॅरेजच्या दारात बाबली उभा होता. पायाशी इंजिन होतं, स्वच्छ, रंगवलेलं, नवरदेवासारखं. लवूने वर आभाळाकडे पाहिलं आणि पाना शोधायला आत गेला तो बाहेर आलाच नाही.

इंजिन सुमोच्या मागच्या भागात चढवलं. बाबलीने ते नायलॉनच्या दोराने सीटच्या पायांना आवळलं आणि गाठ मारली. सत्यवानाने पुढचं दार उघडून ठेवलं. बाबली त्या दारावरून पुढे गेला, मधलं दार उघडून मागे बसला आणि खिडकीची काच खाली केली. पर्यटक बसतात तसा. सत्यवानाने पुढचं दार लावून घेतलं.

मालवणपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. बोलायला मध्ये कोणी नव्हतंच. बाजाराच्या नाक्यावर यमुनाबाई रिकामी टोपली घेऊन उभी दिसली, तेव्हा सत्यवानाने इतक्या जोरात ब्रेक दाबला, की इंजिन कुरकुरलं. ती पुढे येऊन बसली. गाडी शहराबाहेर निघाली तशी सत्यवान रस्त्याकडे बघत तिला म्हणाला,

“विचार तेका. घराकडे जेवाक येतलो काय म्हणान.”

यमुनाबाईने मागे वळून बाबलीकडे पाहिलं. मग सत्यवानाकडे पाहिलं. मग टोपली मांडीवर नीट घेतली.

“इतकी वर्षां मी तुमच्या अर्ध्या अर्ध्या गाडीतसून गेलंय, म्हणान निरोप दिलंय,” ती म्हणाली. “आता ही अख्खी गाडी तुझी. तोंड पण तुझाच आसा. तूच विचार.”

त्यानंतर तारकर्ली आली, हॉटेल गेलं, सुरूची झाडं गेली. सत्यवानाने आरशात पाहिलं. बाबली खिडकीबाहेर समुद्र बघत होता, जणू पहिल्यांदाच बघत होता. प्रश्न चार शब्दांचा होता. सत्यवानाने तो मनात इतक्यांदा म्हटला, की शेवटी त्याला वाटलं आपण विचारला आणि उत्तर नाही आलं. यमुनाबाई तिच्या घराशी उतरली, दार आपटून.

खाडीच्या काठावर नवी होडी उभी होती. बाबली आता प्रितम नावाच्या एका तरुणाच्या भागीत होडी करत होता, पर्यटकांना समुद्रात डॉल्फिन दाखवायला. इंजिन पुन्हा पाण्यावर चाललं होतं. प्रितम नि दोन माणसं सुमोकडे आली. बाबलीने एका झटक्यात गाठ सोडली, दोर हातावर गुंडाळला. माणसांनी इंजिन उतरवलं. प्रितम वेंगुर्ल्याकडचा, गावात नवा. त्याने स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाकडे पाहून विचारलं,

“हे कोण?”

सत्यवानाने स्टिअरिंग घट्ट धरलं. आता काय येणार ते त्याला माहीत होतं. ते यावं असंच त्याला वाटत होतं. आलं असतं तर फिटलं असतं.

“माझो थोरलो भाव,” बाबली म्हणाला.

सहज म्हणाला. नाव विचारल्यावर नाव सांगावं तसा. सत्यवानाकडे त्याने पाहिलंही नाही. खिशातून भाड्याचे पैसे काढून त्याने खिडकीतून आत, पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक शिंपला ठेवला, आणि इंजिनाच्या मागोमाग वाळूतून चालू लागला.

प्रितम मात्र खिडकीशी आला. अदबीने म्हणाला, “या की काका, चाय घेवा आमच्यावांगडा.”

“नको,” सत्यवान म्हणाला. “भाडां आसा माका.”

भाडं काही नव्हतं. तो सरळ घरी आला. माडाखालच्या अँबॅसिडरमध्ये कोंबड्या निजायच्या तयारीत होत्या. सीता ओसरीवर वाल सोलत होती. तिने सुमोच्या मागच्या भागातला तेलाचा ताजा डाग बघितला, पुढच्या सीटवरचा शिंपला बघितला आणि विचारलं, कोणाचां भाडां होतां?

सत्यवान पाय धुवत होता. तो म्हणाला, “होतो एक पावणो.”